सावलीचं ताट

१

आमच्या उराकावा गावात नालबंदाचा दिवस घोड्यांच्या वेळेवर चालतो. सकाळी दोन-तीन पागांमध्ये खूर तासायचे, नाल ठोकायचे, दुपारी घरी येऊन आईच्या हातचं जेवायचं आणि तोंडी लावायला तिची बोलणी खायची. पन्नाशी उलटून गेली तरी माझं असंच चाललं होतं, आणि खोटं कशाला बोलू, फार वाईट चाललं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार होती. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं, त्यामुळे किनाऱ्यावर कुणी समुद्रशेवाळ वाळत घातलं नव्हतं. दारात बूट काढले, हात धुतले, आत आलो, तर बुटक्या टेबलावर तीन ताटं.

एक आईचं, एक माझं. तिसरं खिडकीच्या बाजूला, जिथे कुणीच बसत नाही. भात, भाजलेल्या सॅल्मनचा तुकडा, मुळ्याचं लोणचं आणि झाकण घातलेला सुपाचा काळा वाडगा.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मग हे?"

"तुझं आहे."

"माझं तर हे इथे आहे."

"ते इथल्याचं. हे गेलेल्याचं." आई बसली आणि तिने चॉपस्टिक्स उचलल्या. "जेव आता, निवतंय."

सावलीचं ताट आमच्याकडे नवं नाही. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला गेलं की त्याच्या नावाने रोज ताट मांडायचं, म्हणजे तिकडे त्याच्यावर उपाशी राहायची वेळ येत नाही. जेवणं झाली की सुपाचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरलेले असले की माणूस सुखरूप. माझे वडील टूना धरायच्या जहाजावर होते, वर्षातले बरेच महिने कुठल्या कुठल्या समुद्रात. त्यांच्यासाठी आई हे ताट मांडायची आणि झाकण उचलताना आम्हा भावंडांना बोलू द्यायची नाही. वडील दर खेपेला परत आले आणि शेवटी घरातच, उन्हात पाय पसरून बसलेले असताना गेले. त्यानंतर घरात ते ताट कुणी मांडलं नव्हतं.

पण समोर बसून मुळा चावणाऱ्या माणसाच्या नावाने ते कुणीच, कधीच मांडत नाही. आईने टोमणा मारलाय असं मी धरून चाललो. आई चौऱ्याऐंशीची, पण जीभ अजून चाळिशीतच होती.

२

टोमण्याला कारणही होतं. आदल्या संध्याकाळी नारांतुयाचा फोन आला होता.

नारांतुया घोड्यांची डॉक्टर. मंगोलियातून शिकायला म्हणून आली आणि एक अख्खा हिवाळा आमच्याकडच्या पागेत राहिली. तिने घोड्याचा पाय धरायचा आणि मी खूर तासायचा, इतकीच आमची ओळख. बर्फात उभं राहून तिने मला तिच्या गवताळ मुलखाबद्दल सांगितलं. तिथे रस्ता नाही, कुंपण नाही, डॉक्टर हवा तर दीड दिवसाची वाट. आणि घोडे असे, की आपण आजवर पाहिले ते घोडेच नव्हते असं वाटावं. "जीव काढेल तुमचा तो मुलूख, कुवाबारा-सान," ती म्हणायची. "पण परत याल तेव्हा वेगळेच असाल." ती गेली त्या दिवशी मी तिला काही बोललो नाही. बोलण्यासारखं सगळं मनात होतं, ते मनातच राहिलं.

तेव्हापासून दर वसंतात फोन. "यंदा येताय ना?" आणि दर वसंतात मी, "यंदा जमवतोच." पासपोर्ट काढला, त्याची मुदत संपली, पुन्हा काढला. वडील आजारी, मग पागेत माणूस कमी, मग माझा गुडघा, मग आई. माझं आयुष्य तळ्यात-मळ्यात करण्यात गेलं, आणि तळं काय नि मळा काय, दोन्हीकडे पाय कोरडेच.

या वेळी मात्र ती म्हणाली, "हा शेवटचा उन्हाळा. बर्फ पडायला लागलं की कळप भावाला देऊन मी शहरात चालले. महिना संपायच्या आत कळवा. नंतर मी इथे नसणार."

"येतो," मी म्हणालो.

फोन ठेवला तर आई दारात. "मग? जातोस?"

"बघू. तुझं कोण बघणार?"

"मी काय दूधपिती आहे? घोडं कुठे पेंड खातंय तेवढं सांग."

"किनुए काय म्हणेल?" किनुए माझी धाकटी बहीण, साप्पोरोला असते.

"किनुए म्हणेल, दादा, आईला टाकून जाऊ नकोस. आणि ती स्वतः वर्षातून एकदा येईल, खरबूज घेऊन." आई वळली. जाता जाता एवढंच म्हणाली, "येतो म्हणालास ना, त्या आवाजात मी तुला कधी ऐकलं नव्हतं."

३

ताट दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्याही.

मी ते हसण्यावारी नेलं, मग रागावलो. म्हटलं, "आई, पुरे झाली थट्टा."

"थट्टा कसली? खलाशाची बायको आहे मी. माणूस उंबरठा नंतर ओलांडतो, निघतो त्याच्या आधीच. तू त्या संध्याकाळी निघालास."

"मग मी कोण?"

"तू राहिलेला." तिने माझ्याकडे पाहिलं, मायेनेच पाहिलं. "लोणचं घे अजून."

वयाचा परिणाम असेल म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात कमी करायला सांगितलं. आईने सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरांच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात गेलंय हेही दाखवलं. "हे कोण?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "माझा मुलगा. कोण असणार?" बाहेर येताना डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "झोप तुम्हाला लागते ना नीट?"

मग मी माझ्या परीने अक्कल चालवली. गरम सूप, वर झाकण, म्हणजे वाफ, म्हणजे थेंब. यात सुखरूप असण्याचा संबंध कुठे आला? एका दुपारी आई शेजारी गेलेली असताना मी खिडकीजवळच्या वाडग्यातलं सूप ओतून टाकलं, नळाचं गार पाणी भरलं, झाकण कोरडं पुसलं आणि पुन्हा ठेवलं. हाताला वाडगा थंडगार लागत होता.

जेवण झालं. आईने झाकण उचललं. आतून टपोरे थेंब धरले होते, एकमेकांत मिसळून काठाकडे ओघळत होते. पाण्यातून वाफ येत होती.

"बरा आहे," आई म्हणाली.

मी वाडग्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. मग मनाची समजूत घातली, की आईने मला पाहिलं असणार आणि गुपचूप वाडगा बदलला असणार. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, माझ्यासमोर बसून.

त्या ताटातलं अन्न टाकायचं नसतं, घरातल्याने खायचं. मी सॅल्मनचा तुकडा तोंडात घातला. त्याला मीठ नव्हतं. मीठच काय, मासाही नव्हता. दाताखाली काहीतरी येत होतं एवढंच.

४

पुढे आई खबरा द्यायला लागली. झाकण उचलायचं, आत बघायचं आणि शेजारणीचं पत्र वाचावं तशा सहज आवाजात सांगायचं.

"पोचला. थकलाय."

"घोडा बुटका मिळालाय म्हणून तोंड वाकडं करत होता. आता त्याच्यावरून उतरत नाही."

"मिठाचा चहा आवडत नाही त्याला. पितो पण."

मिठाच्या चहाबद्दल मी आईला कधी बोललो होतो का? बोललो असेन. इतक्या वर्षांत काय काय बोलून गेलो असेन, कुणी मोजलंय.

एकदा मी न राहवून नारांतुयाला फोन लावला. तिथे फोन लागायला तिला टेकडी चढावी लागते, नशिबाने ती तेव्हा वरच होती. वारा इतका होता की तिचं निम्मं बोलणं उडून जात होतं.

"कळवताय का येण्याचं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडणार तोच फोनमध्ये तिच्या मागून आवाज आला. खूर उचलून घ्यायचा असला की मी टाळूला जीभ लावून दोनदा टक् टक् करतो आणि मग घशातल्या घशात हूं म्हणतो. ही लकब माझी मीच पाडली आहे, मला कुणी शिकवली नाही. तोच आवाज होता. टक् टक्, हूं. लांबून, वाऱ्याबरोबर.

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"इथे? टेकडीवर कोण असणार!" ती हसली. मग म्हणाली, "पण खरं सांगू? यंदा आमच्या घोड्यांचे खूर बघितले की तुमची आठवण येते."

"का?"

वाऱ्यात उत्तर गेलं, मग फोनच गेला. मी घरातल्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. फोनमध्ये आपलाच आवाज उलटून येतो, हे मला माहीत आहे. पण मी तर काहीच बोललो नव्हतो.

महिना संपला. मी कळवलं नाही. आणि खरी लाजेची गोष्ट सांगायची तर मला वाईटही वाटलं नाही. दुपार कधी होते याची मी वाट बघायला लागलो होतो. पागेतलं काम उरकून घाईघाईने घरी यायचो, जेवण कसंबसं संपवायचो आणि आईच्या हाताकडे बघत बसायचो. झाकण उचललं की विचारायचो, "आज काय?"

"काल रात्रभर तारे बघत पडला होता. नारा-सान होती शेजारी."

"काही बोलला का तिला?"

आई वाडग्यात बघत राहिली. मग गालातल्या गालात हसली. "बोलला की."

मी काय बोललो असेन? मी पुन्हा पुन्हा विचारलं. आई काही सांगेना. म्हणाली, "मुलाच्या असल्या गोष्टी आईने ऐकायच्या नसतात."

खिडकीजवळच्या ताटात आता माशाचा पोटाकडचा तुकडा असायचा. मला शेपटीचा.

५

जून सरला तेव्हा कामावर एक गोष्ट लक्षात आली. एका पागेत वयस्कर तांबडी घोडी आहे. मी गेलो की तिचे कान माझ्याकडे वळतात, गेली कित्येक वर्षं. ते वळले नाहीत. मी तिच्या मानेवर हात ठेवला, तिची कातडीसुद्धा थरथरली नाही. टक् टक् केलं. पाय जमिनीवरच. शेवटी मी दोन्ही हातांनी खूर उचलायला गेलो, तर तिने शांतपणे वजन त्याच पायावर टाकलं, जणू तिथे कुणीच वाकलेलं नव्हतं.

घोडी म्हातारी झाली, मी स्वतःला सांगितलं. नाक गेलं असेल. डोळे गेले असतील. पण त्याच वेळी मोतद्दार दारातून डोकावला आणि तिचे दोन्ही कान झटकन त्याच्याकडे फिरले.

घरी येऊन हात पाहिले. नालबंदाच्या तळहातावर घट्टे असतात, मरेपर्यंत जात नाहीत. माझे मऊ झाले होते. लहान मुलाच्या गालासारखे मऊ.

आईला दाखवले. तिने माझा हात हातात घेतला, उलटसुलट केला. "होतं तसं," ती म्हणाली आणि भात वाढायला वळली.

६

झाकण कोरडं निघालं तो दिवस मी विसरणार नाही.

जुलैचा शेवट होता. नेहमीसारखी जेवणं झाली, आईने झाकण उचललं आणि ती तशीच राहिली. आतली काळी लाखेची बाजू लख्ख कोरडी. सूप गरम होतं, वर वाफ दिसत होती, आणि ती वाफ झाकणाला लागत नव्हती.

"नदीत आहे," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "पाणी वाढलंय. घोडा वाहून गेला."

वडिलांच्या सगळ्या वर्षांत मी तिला असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तिने झाकण परत ठेवलं, वर दोन्ही हात ठेवले. मीही तिच्या हातांवर माझे हात ठेवले. बाहेर धुक्यात भोंगा वाजत होता. खोलीत चटईचा आणि सुपाचा वास होता, आणि त्यात कुठून तरी ओल्या घोड्याचा.

मला पोहता येत नाही. हे आईला माहीत होतं. मी मनातल्या मनात सांगायला लागलो, पाय लांब कर, पाठीवर हो, बूट काढून टाक. कुणाला सांगत होतो? मी घरात चटईवर बसलो होतो, पोटभर जेवलेला, कोरडा. तरीही मी रडत होतो आणि "ये रे, बाहेर ये" असं म्हणत होतो. आणि आई माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

किती वेळ गेला माहीत नाही. आईने झाकणाची एक कड उचलली. आत एकच थेंब होता. मग बघता बघता दुसरा धरला.

"काठाला लागला," ती म्हणाली आणि तिथेच आडवी झाली. मी तिच्या डोक्याखाली उशी दिली.

तेव्हा मी ठरवलं. तिकडे जो माणूस मरता मरता वाचला, ते मरण माझं होतं, तो काठही माझा होता. ते तारे माझे होते. नारांतुयाला जे कुणी बोललं ते शब्द माझे होते, आणि ते मला माहीतसुद्धा नव्हते! बर्फ पडायला अजून वेळ होता. कळवायची मुदत गेली तर गेली, दारात जाऊन उभा राहीन. इतकी वर्षं मी ज्याला भ्यायलो त्या मुलखाची आता भीती उरली नव्हती. भीती वाटत होती ती या चटईची.

७

विमानाचं तिकीट काढलं. बॅग भरली. किनुएला फोन करून सांगितलं की काही आठवडे आईकडे येऊन राहा.

"दादा, आवाज तुटतोय तुझा," ती म्हणाली. "नीट बोल ना. कुठून बोलतोयस? पोचलास का तिकडे?"

"अजून निघालो नाही."

"काय? ऐकू येत नाहीये. सांभाळून राहा हं. आईची काळजी करू नकोस." तिने फोन ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी ऊन होतं, कितीतरी दिवसांनी. मी दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. आई मागे येऊन उभी राहिली.

"चाललास?"

"चाललो."

"आजच?"

"बस येईल आता. आई, मला जाऊ दे. इतक्या वर्षांत तू एकटीच 'जा' म्हणालीस."

"म्हणाले. आणि गेलास." ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, गुडघे धरून, हळूहळू. "आता तो आज येतोय परत. दुपारपर्यंत. तू घरात नसलास तर तो परत येणार कशात?"

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. मला तिचा हात दिसत होता. त्याचं वजन लागत नव्हतं.

"आजचा दिवस थांब," आई म्हणाली. "माझ्यासाठी. उद्या जा."

समोरच्या रस्त्यावर बस येऊन थांबली. दार उघडं ठेवून ड्रायव्हर आरशात बघत होता. मला फक्त उठायचं होतं. उठायला किती लागतं? पण आई म्हातारी. आई घाबरलेली. एका दिवसाने काय बिघडणार आहे, उद्याही बस आहे, परवाही आहे. हे सगळं मी मनात म्हटलं, आणि म्हणताना मला ठाऊक होतं की हेच मी आजवर दर वसंतात म्हणत आलोय.

मी नाडी सोडली. बस गेली.

आई उठून लगबगीने आत गेली. चुलीवर भात चढला. तिने खिडकीजवळचं ताट उचलून ठेवून दिलं. टेबलावर दोनच ताटं मांडली, समोरासमोर. मी माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो. सॅल्मन भाजल्याचा वास मला आला नाही, फक्त धूर दिसला.

दुपारी फरशीवर बुटांचा आवाज झाला. जड, एक पाय किंचित ओढत. दार सरकलं. आधी वास आत आला, उन्हाचा, गवताचा आणि घोड्याच्या घामाचा. माझ्या जागेवरून मला दारातली पायरी अर्धीच दिसते. तिथे कुणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि वाकून नाड्या सोडत होतं. मान उन्हाने काळी पडली होती, तिच्यावर भेगा होत्या. नाड्या सोडणाऱ्या हातांवर घट्टे होते.

आई धावत दारापर्यंत गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, धावत. तिचा चेहरा असा उजळलेला मी जन्मात पाहिला नव्हता, निदान माझ्याकडे बघताना तरी कधीच नाही.

"आलास?" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मला उत्तर द्यायचं होतं.

"आलो, आई," माझा आवाज पायरीवरून आला. जाडसर झालेला, हसरा. "गुडघा कामातून गेला. नदीने तर जवळजवळ नेलंच होतं. पण काय मुलूख आहे गं! बस, सगळं सांगतो."

आणि मला ते ऐकायचं होतं. भीती नव्हती असं नाही, पण भीतीच्या वर ती ओढ होती. त्याने एकेक गोष्ट सांगावी, तारे, नदी, तिला काय बोलला ते, सगळं, आणि मी कोपऱ्यात बसून ऐकावं.

आई त्याचा हात धरून आत आली. मी मान वर करून त्याचा चेहरा बघणार होतो, पण आईच मध्ये आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मायेनेच पाहिलं.

"जरा सरक," ती म्हणाली. "त्याला बसू दे."

मी सरकलो.